शेवटच्या ओळीतलं अक्षर

आई, परवा पोरीच्या कॉम्प्युटरवर मला तू दिसलीस. फोटो नव्हता, नुसती अक्षरं होती.

तुझ्या या नातीला हल्ली तिन्हीसांजेला स्कूटर चालवता येत नाही. शाहूपुरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. अंधारात बघायला जो जीन लागतो त्यात एक अक्षर बदललंय, पण त्यानं नजर जाईलच असं सांगता येत नाही, म्हणाले. मग तीच शोधायला बसली. जगभरच्या लोकांनी माणसांचे, जनावरांचे जीन वाचून इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवलेत. तुझे जावई गेल्यापासून मी रद्दीतली पुस्तकं वाचत आले, म्हणून शेजारी बसले. तिनं त्याच जीनच्या एकाखाली एक ओळी लावल्या. माणूस, म्हैस, कोंबडी, बेडूक, मासा. एका जागी वरपासून खालपर्यंत एकच अक्षर होतं. शेवटी तिनं स्वतःची ओळ ठेवली. तिथं दुसरंच.

"म्हशीचंबी बरोबर हाय की गं," मी म्हणाले.

"व्हय, माशाचंबी. माझंच तेवढं येगळं." ती हसली. "ह्ये बदलून भागलं असतं, तर एवढ्या जनावरांत कुणाचं तरी बदललं असतंच की, आई."

मला तुझं स्वयंपाकघर आठवलं. दिवस कलला आहे. मी दारात उभी आहे. तू माझ्या दिशेनं बघून विचारतेस, "कोण हाय तितं?" मी भीतीनं बोलत नाही. मग तू शेजारच्या रिकाम्या कोपऱ्याला म्हणतेस, "ये की आत." शेजारणी म्हणायच्या, हिला सांजचं कायबाय दिसतंय. त्या कोपऱ्यात मी कधी बसले नाही. सांज झाली की तुला काहीच दिसत नव्हतं, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पोरगी म्हणाली, "तुझं रक्त दे. तुला तर चांगलं दिसतंय. तुझ्यातबी ह्येच अक्षर निघालं, तर मला भ्यायचं कारण न्हाय."

किती आशेनं म्हणाली. मी बरं म्हणाले. सोमवारी जायचंय.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. गेल्या दिवाळीपासून संध्याकाळी जिना उतरताना मी पुढची पायरी पायानं चाचपते. तिला अजून सांगितलेलं नाही.