निळ्या काठाची ताटली आणि मामांचं अंदाजपत्रक

ब्राउनश्वाइग, जर्मनी
२० फेब्रुवारी

आदरणीय आनंदराज मामांना,
लुंबिनीचा सप्रेम जय भीम.

मी इकडे ठणठणीत आहे. तुमचा गुडघा, मामींची शुगर आणि अंगणातलं लिंबाचं झाड या तिघांची प्रकृती कळवावी. पुढची हकीकत फोनवरही सांगता आली असती. पण पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला तोंडी काही चालत नाही. ‘लेखी दे, मंग बघू’ हे वाक्य मी चालायला लागायच्या आधीपासून ऐकत आले आहे. म्हणून लेखी देते.

सगळ्यात आधी तुमच्या अंदाजपत्रकाला माझा साष्टांग नमस्कार. तुम्ही नांदेडच्या ओट्यावर बसून, हिरव्या शाईनं, घरभाडं, आरोग्य विमा, किराणा, सत्रशुल्क राखीव आणि आकस्मिक असे रकाने आखून दिलेत, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. जर्मनीच काय, हैदराबादच्या पलीकडे न गेलेला माणूस तिकडच्या कांद्याचा भाव काय लिहिणार? मामा, कांद्याचा भाव सात सेंटांनी चुकला. तांदळाचा तर चुकलाच नाही. पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक भाजीला शंभरानं गुणत होते आणि फ्लॉवरचा एक गड्डा तीनशे रुपयांना पडतो म्हणून तो नुसता लांबून बघत होते. मग तुमचं वाक्य आठवलं: “गुणाकार करू नको पोरी, उपाशी मरशील. तिथलं तिथंच मोज.” त्या दिवसापासून मी जेवायला लागले.

इथलं बाकी काय काय सांगू! बसमध्ये कंडक्टरच नाही. तिकीट काढलंय का, हे कुणी विचारत नाही, तरी लोक काढून बसतात. (माझा पास सत्रशुल्कात येतो, तरी मी पहिला महिनाभर तो हातात धरून बसायचे. कुणी बघेना, तेव्हा वाईट वाटायचं.) दुकानात एक मशीन आहे, त्याच्या तोंडात रिकामी बाटली घातली की ते पंचवीस सेंटांची चिठ्ठी देतं. मी पहिल्यांदा बाटली घातली आणि चिठ्ठी आली, तेव्हा मशीनला हात जोडले. मागच्या माणसानं माझ्याकडे बघून टोपी काढली. आणि बँकेचं तर विचारूच नका. तुमच्या भविष्य निर्वाह निधीतून आलेली ती रक्कम पोटाशी धरून ती दरमहा बरोबर नऊशे ब्याण्णव युरो सोडते, एक सेंटही जास्त नाही. ‘हे लोक आपल्याच खात्यातले दिसतात’ असं तुम्ही म्हणाला होता, ते खरं आहे.

आता मुद्दा. निघताना मी तुम्हाला शब्द दिला होता, की याच्यावर एक रुपयाही मागणार नाही. आणि तुम्ही बजावलं होतं, की एका रकान्यातला पैसा दुसऱ्यात वळवायचा तर तुमची मंजुरी लागेल. मामा, मी वळवला. मंजुरीशिवाय वळवला, तोही सत्रशुल्क राखीवमधला. (हे पत्र आईला वाचून दाखवताना इथून पुढचं गाळावं. अर्थात अर्धाएक भाग तिला फोनवर कळलेलाच आहे.)

झालं ते असं. माझ्या खोलीसमोर लिंडनर आजी राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पोस्टाच्या खिडकीवर नोकरी करून निवृत्त, स्वभाव असा की जिना पुसण्याची पाळीसुद्धा घड्याळ लावून करतात. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांनी निळ्या काठाच्या ताटलीत आलुबुखाराच्या केकचे दोन तुकडे आणून दिले. केक संपला, ताटली धुतली आणि आईचा आवाज कानात आला: रिकामं भांडं माघारी देऊ नाही. कंधारला आमच्या गल्लीत हे लेकराबाळांनाही ठाऊक. मी सुशीला केला. मुरमुऱ्याचं पुडकं साडेतीन युरोचं, पण म्हटलं, परदेशात मराठवाड्याची लाज आपल्याच हातात आहे. आजींनी विचारलं, आज सण आहे का? माझ्या मोडक्या जर्मनमध्ये मी सांगितलं, की आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत, असा नियमच आहे.

‘नियम’ हा शब्द जर्मन माणसापुढे उच्चारू नये, हे तुमच्या अंदाजपत्रकात लिहिलेलं नव्हतं. पुढच्या वेळी मी शेंगदाण्याची चटणी आपल्या स्टीलच्या डब्यात दिली. (तोच तो, झाकणावर तुमचं नाव कोरलेला, लग्नकार्यात हरवू नये म्हणून.) डबा सफरचंदाच्या मुरंब्यानं भरून आला. मी गाजरहलवा केला, काजू घालून. त्यांच्याकडून साखरेत घोळलेले बदाम आले. मी पुरणपोळी केली. त्यांनी अख्खं बदक भाजलं आणि त्यातलं अर्धं मला दिलं. चौदा आठवडे हे चाललं, मामा. कुणी थांबायचं? ज्याच्या हातात भांडं, तोच रिकामं देणारा ठरणार. फेब्रुवारी लागला तेव्हा माझ्या सत्रशुल्काच्या रकान्यात चौऱ्याहत्तर युरो कमी होते, आणि पंधरा तारखेच्या आत शुल्क गेलं नाही तर विद्यापीठातून नाव कमी होणार होतं. तुमचा आयुष्याचा पैसा मी ताटलीत घालून समोरच्या दारात नेऊन देत होते. दोन रात्री मला झोप लागली नाही.

पाच तारखेला शंकरपाळे घेऊन गेले. आता ही शेवटची ताटली, असं सांगायचं ठरवून गेले होते. तेवढ्यात टेबलावर उघडी पडलेली आजींची चौकटीची वही दिसली. एका रकान्याच्या डोक्यावर माझं नाव. खाली बदक, बदाम, लोणी, सगळं सेंटासकट. शेजारच्या रकान्यात काट मारलेल्या ओळी: सलून, डिसेंबरपासून बंद. वर्तमानपत्र, बंद. माझ्या देशाचा नियम मोडू नये म्हणून त्या म्हातारीनं केस सेट करणं सोडलं होतं, मामा. मी धावत खोलीत गेले, रोजचा खर्च मांडते ती तुमची हिरव्या शाईची वही आणली आणि त्यांच्या वहीशेजारी उघडून ठेवली. आजींनी चष्मा लावून दोन्ही वह्या वाचल्या. भाषा कळली नाही, पण आकडे कळले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, “तुमच्याकडे हे थांबवतात कसं?”

मला ठाऊक नव्हतं. मी तिथूनच आईला फोन लावला. आई म्हणाली, “अगं बाई, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर टाकून देतेत. तू काय रुखवत मांडून राहिलीस व्हय?” बावीस वर्षं मी बघत आले, आईच्या हातून गेलेल्या निम्म्या भांड्यांत साखरच असायची. मला तेवढं सोडून बाकी सगळं आठवलं, कारण मला मोठेपणा मिरवायचा होता.

मी ते जर्मनमध्ये सांगितलं, तशा आजी खूप हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, साखर नको, ताटली दाराबाहेरच नको. तेव्हापासून रात्रीचं जेवण आम्ही त्यांच्या टेबलावर एकत्र करतो. एक दिवस वरण-भात, एक दिवस त्यांचं बटाट्याचं काहीतरी, खर्च अर्धा-अर्धा. आजींनी पहिल्याच दिवशी जिन्याखालच्या खोलीतल्या, त्यांचे यजमान गेल्यापासून पडून असलेल्या बाटल्या दाखवल्या, आणि आम्ही दोघींनी तीन फेऱ्या करून त्या मशीनला खाऊ घातल्या. त्या चिठ्ठ्यांचे पैसे आणि वाचलेला किराणा मिळून शुल्क तेरा तारखेला भरलं. चार युरो उरले. आजी परवा सलूनला जाऊन आल्या. एका चुलीवर दोन माणसं जेवली की खर्च एवढा खाली येतो, हे बघून मी थक्क आहे. आणि आजी तर तुमची वही अजून परत द्यायला तयार नाहीत.

मामींना जय भीम.

तुमची भाची,
लुंबिनी

ता. क. १ : चौऱ्याहत्तर युरोंना कार्योत्तर मंजुरी मिळावी. पैसे नकोत, फक्त हिरवी सही हवी.

ता. क. २ : किनवटचा बालाजी माझ्या वर्गात आहे. बहिणीच्या लग्नाला तो मार्चमध्ये येतोय. त्याच्याबरोबर आजी तुमच्या नावाचा डबा पाठवत आहेत, मुरंबा भरून, खास तुमच्यासाठी. आता भांडं तुमच्या हातात आहे.

ता. क. ३ : ठणठणीत आहे असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. घरची लई आठवण येते. डब्यात आईच्या हातची चिमूटभर साखर घातली तरी पुरेल, ती मी पुरवून खाईन.

ता. क. ४ : तरी बालाजीच्या बॅगेत इकडे परत येताना अकरा किलो जागा मोकळी आहे. मी विचारून ठेवलं आहे.