काट्यांखाली बसण्याआधीची वाटणी

हे लिहायचं मी आठ दिवस टाळत होतो. कागद पुढे घेतला की काहीतरी दुसरंच आठवायचं, नाहीतर गेटवर मालनबाईंच्या टपरीत चहाला जायचो. आता दुपारचा एक वाजलाय. चार वाजता मला काट्यांखाली बसायचंय, म्हणून लिहितो.

मी, गोरक्ष काकासाहेब शिरसाठ, वय चोवीस, शिक्षण आठवी (परीक्षेला बसलो नाही), काम वेल्डर, वैभव लिफ्टर्स, नागापूर एमआयडीसी, डोकं ठिकाणावर असताना, कोणी दम दिलेला नसताना, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझ्यामागे खालीलप्रमाणे करावे. 'स्वखुशीने' आमच्या रंगारी प्रवीणने सांगितलं म्हणून घातलं. खुशी कसली.

कलम १. आधी कंपनीचं, नाहीतर काट्यांखाली बसणं म्हणजे काय ते कळायचं नाही. राधाकृष्ण मालकांनी सत्याऐंशी साली पत्र्याच्या एका शेडमध्ये हातगाड्या बनवायला घेतल्या. नव्वद साली भंगारातल्या टेम्पोचं सामान वापरून त्यांनी आणि छगन मिस्त्रींनी पहिला फोर्कलिफ्ट उभा केला. साखर कारखान्याचा गोडाऊनवाला म्हणाला, "पोती वरून पडली तर?" मिस्त्रींनी दहा पोती मशीनच्या पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर घेऊन वर उचलायला लावली, खाली मांडी घातली आणि भाकरी सोडली. "माझं जेवान व्हईस्तवर पडली, तर मशीन घेऊ नका." मशीन विकलं गेलं. तेव्हापासून रिवाज पडला. ज्याचा टाका, म्हणजे वेल्डिंगचा जोड, त्याने गिऱ्हाइकासमोर भरल्या काट्यांखाली बसून जेवायचं. आज एका शेडच्या तीन झाल्या, दोन माणसांची बेचाळीस झाली, एकसष्ट मशीन बाहेर पडली. तीन टनी मात्र आजचं पहिलंच. पुण्याहून मशीन बघायला आलेल्या साहेबांनी पास केलं तर अशी चाळीस बनवायची आहेत. तीन टन म्हणजे पन्नास किलोची साठ पोती माझ्या डोक्यावर.

कलम २. घर मला नाही. घोडेगावची खोली आईची, म्हणजे बनुबाईंची, ती तिचीच. सायकल प्रवीणला. सुरतेहून आणलेली चादर आईला. सुरतेत मी सात महिने होतो, त्याआधी ट्रकवर क्लीनर, त्याआधी कुठे कुठे. इथे चार वर्षं टिकलो, एवढा मी कुठेच टिकलो नाही. आज आईने डब्यात शेंगदाण्याची चटणी दिलीय. आत्ताच खाल्ली तर खाली बसून काय खाऊ, म्हणून डबा उघडलेला नाही.

कलम ३. आता खरं लिहितो. काटे वर ओढणारी साखळी ज्या पट्टीला अडकते, त्या पट्टीला बाहेरून एक टाका आणि आतून एक टाका लागतो. बाहेरचा मी घातला. तेवढ्यात कोणी म्हणालं, घोडेगावच्या बाजारात पांढराशुभ्र खिल्लार आलाय, शिंगं हातभर. "आलोच," म्हणून टेम्पोत बसलो. बैल खरंच तसाच होता, मालक त्याला हात लावू देत नव्हता. संध्याकाळी परतलो तर प्रवीण ब्रश घेऊन उभा. "आतला झाला का रे?" मी म्हणालो, "झाला." त्याने पिवळा रंग मारला. तो टाका मी घातला की नाही, मला आठवत नाही. घातला असेल. दोनदा मालकांच्या केबिनपर्यंत गेलो, दोनदा माघारी आलो. आता तर साहेब सावेडीला मालकांच्या घरी जेवायला बसलेत.

कलम ४. माझ्या पेटीत तळाशी टाका ठोकून बघायची हातोडी आहे. ती छगन मिस्त्रींची. भरलेला टाका घंटेसारखा वाजतो, पोकळ असला तर मडक्यासारखा. हे मिस्त्रींनी मला शिकवलं, पण माझं लक्ष दुसरीकडे होतं, म्हणून तो फरक मला कानाने कळत नाही. गेल्या वर्षी टाका अर्धा टाकून मी अस्वलवाला बघायला गेलो, तर त्यांनी सगळ्यांसमोर कानफटात दिली. "आरं, बूड हाय का भिंगरी?" त्या रागात मी मालकांना सांगितलं की मिस्त्रींना आता दिसत नाही. दिसत नव्हतं हे खरं, पण मी ते वाइटासाठी सांगितलं. त्यांचं वेल्डिंग बंद झालं. ते नागापूर गावात घरी बसले. जाताना हातोडी शोधत होते, ती मी लपवली होती. ती त्यांना परत द्यावी. चोरली म्हणून सांगावं, सापडली म्हणून नको.

कलम ५. मी गेलो तर दोष प्रवीणच्या रंगाला देऊ नये, कंपनीलाही देऊ नये. माझ्या 'झाला'ला द्यावा. आणि पुढच्या चाळीस मशीनखाली कोणाला बसवू नये.

साक्षीदार:
१. प्रवीण, रंगारी. (सही केली. न वाचता.)
२. मालनबाई, चहावाल्या. (सही नाही. त्यांनी प्रवीणकडून सगळं वाचून घेतलं. प्रवीणचा चेहरा उतरला. बाई म्हणाल्या, "मुडद्या, सही मागतो व्हय माझी?" आणि स्टोव्ह तसाच पेटता टाकून गावाकडे चालत गेल्या.)

ठिकाण: नागापूर एमआयडीसी, अहमदनगर
तारीख: २१ फेब्रुवारी १९९६
सही: गो. का. शिरसाठ

ता. क. सव्वादोन. प्रवीण पळत आलाय. मालनबाईंचा हात धरून छगन मिस्त्री गेटातून आत आलेत, मशीनपाशी उभे आहेत, पट्टी चाचपडतायत. एवढंच विचारतायत, "माझी हातोडी कुठं हाय?"