लसणीच्या तेलाला मनाई

ती. वनमालाताईस,
वर्सोव्याहून धाकट्या देवेशचा वाकून नमस्कार.

गंभीर तक्रार अशी, की तू पाठवलेल्या लसणीच्या तेलाला डॉक्टरांनी माझ्या कानात प्रवेशबंदी केली आहे. सर्दी असताना मी श्वास रोखून पोहण्याच्या तलावाच्या तळाशी गेलो. कानावर दाब आला, तो घालवायला नाक दाबून जोर लावला आणि डाव्या कानाचा पडदा फाटला. घरी येऊन त्यावर तुझं तेल ओतलं.

"पन्नाशीत मासा व्हायचंय का?" डॉक्टरांनी विचारलं. मत्स्यावताराचा दाखला मी गिळला.

कान कोरडा ठेवला की पडदा भरून येतो म्हणतात. बुड्या बंद. बाकी झकास. तुझे गुडघे कसे आहेत?

परवा सवयीने फोन डाव्या कानाला लावला. तू बोलत होतीस, पण शब्द कळेनात. म्हणून हे पत्र.

ताई, पडदा भरल्यावर पूर्वीसारखं ऐकू येईल ना, हे डॉक्टरांना विचारायची मला भीती वाटते.

तुझा,
देवेश