शेवंडीले फिल्टरचं पाणी

बल्लारपूर,
शनिवार, दुपारचं जेवण झाल्यावर

ती. सीताबाईस,

धाकटा भाऊ बापूराव याचा सप्रेम जयभीम. तुही कंबर कशी आहे? तुह्या घरधन्याचा, आमच्या भाटव्यांचा खोकला कमी झाला का, का अजून सारं मुलचेरा जागवून राह्यले? इकडं सारे बरे आहेत. मी बरा नाई, पण माह्याबद्दल कोणी विचारत नाई, म्हून सारे बरे आहेत असंच समज. तू म्हणशील, घरात दोन-दोन फोन असताना हा माणूस पत्र काऊन लिहून राह्यला. बाई, फोनवर तू मले तिसऱ्या वाक्याच्या पुढं जाऊ देत नाई, अन् हे प्रकरण तिसऱ्या वाक्यात मावणारं नाई. तं चष्मा लाव, सावकाश वाच, अन् वाचता वाचता "पण बापू" म्हणू नको. मले इथी ऐकू येत नाई.

आपली खुशबू मागल्या आठवड्यात गोव्याहून अचानक घरी आली, हे तुले तुह्या भावजयीनं, शकूनं सांगतलं असेलच. काऊन आली, हे सांगतलं नसेल. तिच्या हॉटेलात तिले समुद्री जेवणाच्या विभागात मोठी जागा मिळून राह्यली. फक्त एक अट. मोठ्या आचाऱ्यासमोर जिती शेवंड नीट कापून दाखवायची. (शेवंड म्हणजे समुद्रातला झिंगाच समज, पण असा झिंगा की त्याच्यासमोर आपले वैनगंगेतले झिंगे अंगणवाडीत बसवावे.) पोट्टीनं दोनदा सुरी उचलली अन् दोनदा खाली ठेवली. हातच चालेना. आता सोमवारी शेवटची संधी. नाई जमलं तर जागा दुसऱ्याची, अन् आईजवळ ती बोलून बसली की मग मी नोकरीच सोडते, तुम्ही म्हणाल तिथी लग्न करते. आता तू आणलेलं चिमूरचं स्थळ तर दारातच उभं आहे. तो मिथुन चांगला, सरकारी नोकरी, अन् पोरीनं हॉटेलात काम करायचं नाई एवढीच त्यायची अट. खरं सांगू, हे ऐकून मले बरं वाटलं. एकुलती पोट्टी, सणावाराले समोर तं दिसेल. पण तिले वाटलं की घरी, आपल्या माणसांत, कोणी पाहत नसताना एकदा जमून जाईल. म्हून ती एक जिती शेवंड घेऊनच गाडीत बसली. (आपल्या गल्लीत कोणी पाहणार नाई असं समजणारी पोट्टी माह्याच पोटची, याचं मले नवल वाटते.)

थर्माकोलचा डबा उघडला तेव्हा समोरचा डोमाभाऊ दाराआडून आधीच आत आलेला होता. ओल्या भुशात, बर्फाच्या बाटल्यांच्या मधी ती पडलेली. रंग शेवाळी, अंगावर काटे, नांग्या नाईतच, त्याऐवजी चाबकासारख्या दोन लांब मिशा. डोमाभाऊनं जन्मभर नाल्यातले खेकडे उचलून हातानं तंगड्या मोडल्या, पण यावेळी तो स्टुलावर चढला अन् म्हणे हा विंचू आहे. खुशबूनं तिले पाठीकडून धरून उचललं, तं तिनं मिशांच्या बुडातून असा किर्र आवाज काढला की डोमाभाऊ स्टुलावरून उतरून थेट घरी गेला. मग पोट्टीनं आम्हाले सारं समजावलं. ही पायानं चव घेते. हिची लघवी तोंडाजवळून, मिशांच्या बुडाशी निघते (शकूनं इथी पदर तोंडाले लावला). हिचा मेंदू आपल्यासारखा एका जागी नाई, गाठी-गाठीनं साऱ्या अंगात पसरलेला, म्हून आधी बर्फात ठेवून सुन्न करायचं अन् मग दोन डोळ्यांच्या मधून सुरी घालून उभं, एका झटक्यात कापायचं. अर्धवट कापलं तं जनावराचे हाल. अन् सगळ्यात मले पटलेली गोष्ट, ही वाढते तेव्हा सारं कवच अंगावरून उतरवून टाकते, डोळ्यांवरचंसुद्धा, अन् नवं टणक होईपर्यंत काही दिवस मऊ अंगानं कपारीत लपून बसते. हे सांगताना पोरगी माह्याकडं पाहत नव्हती. मी विचार करत बसलो की गोव्याच्या पहिल्या वर्षी ही रोज फोनवर "मजेत आहे, बाबा" म्हणत होती, तेव्हा कोणत्या कपारीत बसून म्हणत असेल.

त्याच दिवशी कापायचं ठरलं होतं, पण शकूले आठवलं की आज पौर्णिमा. घरात आज जीव मारायचा नाई, उद्या सकाळी पाहू. खुशबूले तेवढीच सवलत पाहिजे होती. तिनं बर्फ बदलला अन् मले बजावून सांगतलं की डबा उघडू नका, पाणी घालू नका, ओल्या भुशात ती उद्यापर्यंत जगते. अन् दोघी मायलेकी पांढऱ्या साड्या नेसून विहारात वंदनेले गेल्या. मी घरी. डब्यात खरखर, खरखर. बाई, तूच सांग, आपल्या घरी दारात कोणी आलं तं आधी पाण्याचा तांब्या पुढं करतो का नाई? वसुलीवाल्यालेसुद्धा आपण आधी पाणीच देतो. अन् हा तं पाण्यातलाच जीव, दोन दिवसांचा प्रवास करून आलेला अन् कोरडा! घरी आणलेली मरळ टपात पाणी घालून ठेवली की कशी मजेत राहते, हे तू लहानपणापासून पाह्यलं. मी कपडे धुवायचा टप घेतला अन् त्यात नळाचं नाई, फिल्टरचं पाणी ओतलं. अख्खी कॅन! समुद्रातली आहे म्हून वरून दोन मुठी मीठही टाकलं. तिले सोडलं तशी तिनं शेपूट आपटून अशी उलटी झेप घेतली की माह्या बनियनची धुलाई झाली. मी खुश. टपाजवळ पाट टाकून बसलो अन् तिच्याशी दोन गोष्टीही केल्या. खाणीतल्या माह्या नोकरीबद्दल बोललो, तिनं मधी "पण बापू" म्हटलं नाई. मग ती शांत झाली. मले वाटलं, जीव थंडावला.

मायलेकी आल्या तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात टप दाखवला. खुशबू साडीसकट टपाजवळ बसली. शेवंडीचे पाय लुळे पडले होते, मिशा पाण्यावर नुसत्या तरंगत होत्या. पोट्टी ओरडली असती तं बरं झालं असतं. तिनं हळू आवाजात सांगतलं की हिच्या अंगात समुद्राएवढं मीठ असते, बाहेर गोडं पाणी आलं की ते अंगात शिरत जाते, ती फुगते अन् मरते, पण लवकर मरत नाई. मग म्हणाली, "बाबा, माह्या सुरीनं तिले एक क्षण लागला असता."

अन् उठून सुरी आणली. आज पौर्णिमा आहे, हे मी म्हणणार होतो. मी शकूकडं पाह्यलं. दर पौर्णिमेले घरात अंडं फुटू न देणारी ही बाई, तिनं दोरीवरचा टॉवेल ओढला, खाली बसली, शेवंडीची शेपूट टॉवेलात घट्ट धरली अन् लेकीले म्हणाली, "कर."

पोरीनं दोन डोळ्यांच्या मधी सुरी टेकवली. एक झटका, बस. त्यानंतर मायलेकी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या, अन् मी टप रिकामा करायच्या बहाण्यानं मागच्या अंगणात गेलो. मले लय वाईट वाटलं, बाई. हे तुले सांगायले लाज नाई.

त्या दिवशी कोणी खाल्लं नाई. दुसऱ्या दिवशी खुशबूनं अर्धी शेवंड लोण्यात केली (वाफ लागली तशी ती लालभडक झाली) अन् अर्धी माह्यासाठी आपल्या झणझणीत रस्स्यात. डोमाभाऊ वाटी घेऊन आला अन् विंचू चांगला झाला म्हणून गेला. मी दोन घास खाल्ले. चव गोड होती. पोट्टी काल दुपारच्या गाडीनं गेली. बाकी ठीक. भाटव्यांना नमस्कार, अन् त्यायच्या छातीले रात्री तेल चोळत जा.

तुहा भाऊ,
बापूराव

ता. क. एक सांगायचंच राह्यलं. चिमूरवाल्यांना नाई म्हणून कळवून टाक. सोमवारची वाट पाहू नको. तिले जागा मिळो न मिळो, आपलं उत्तर तेच.

ता. क. दुसरा, अन् हा भाटव्यांना वाचून दाखवू नको. शेवंडीले पाणी मी दयेनं पाजलं असं वर लिहिलं आहे, अन् शकूलेही तेच सांगतलं. पण टप भरताना माह्या मनात होतं की ही ताजीतवानी होऊन टपात फिरताना दिसली, तं पोरीच्यानं तिच्यावर सुरी चालणार नाई, अन् पोट्टी कायमची इथीच राहील. स्टेशनावर मी तिले हे सांगून टाकलं. ती म्हणाली, "मले टप पाह्यल्याबरोबरच समजलं होतं, बाबा." अन् खिडकीतून हात काढून गाडी हलेपर्यंत माहा हात धरून होती. चिमूरवाल्यांनी कारण विचारलं तं पोरीचं नाव घेऊ नको. म्हण, पोरीच्या बापालेच जमत नाई.