व्हिटबीचा पत्ता

कीथली, यॉर्कशर
९ नोव्हेंबर १९९६

प्रिय जूडिथ,

डेरेक मेला. मागच्या मंगळवारी, ब्रॅडफर्डला, भाड्याच्या खोलीत. दारूनं यकृत गेलं होतं म्हणे. घरमालकिणीला दोन दिवसांनी कळलं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू आधी 'डॅड, हात दुखतो का थंडीत?' असं विचारतेस आणि मग पुढचं मला बोलता येत नाही. म्हणून लिहितोय. डाव्या हाताचं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखंच आहे, जमेल तसं लावून घे.

वाटलं होतं, ही बातमी ऐकून मी एक ग्लास बिअर घेईन. अठरा वर्षं मी त्या माणसाला मनात मारत आलो. कधी हातोड्यानं, कधी कानशीनं, एकदा तर लोखंड कातायच्या लेथमध्ये त्याची बाही अडकवून. आणि तो बिछान्यात, पांघरूण घेऊन गेला. बिअर घेतली नाही. परसातल्या शेडमध्ये जाऊन बसलो, आणि उठलो तेव्हा तुला लिहायचं ठरवलं होतं.

तू त्याला पहिल्यांदा घरी आणलंस, तेव्हा तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं होतं. मी ते उभं वाफेचं इंजिन नुकतंच हाती घेतलं होतं. सगळं मिळून वीतभर उंच. ओतलेले कच्चे भाग टपालानं आलेले, अंगाला वाळू चिकटलेली. त्यातून एकेक भाग कातून, घासून काढायचा. कारखान्यातून आलो की मी थेट शेडमध्ये. डेरेकनं सिलिंडर उचलला, आत करंगळी फिरवली आणि म्हणाला, "मिस्टर ऑग्डन, खालच्या तोंडाला केसभर निमुळता झालाय." मी मोजून पाहिलं. झाला होता. त्या क्षणी मी तुला त्याला देऊन टाकलं, जूडिथ. तुम्ही विचारायच्या आधीच.

मग दर रविवारी तुम्ही जेवायला यायचात. तू स्वयंपाकघरात, आम्ही दोघं शेडमध्ये. असा हात मी कारखान्यातही पाहिला नव्हता. पिस्टनच्या कड्या त्यानं बसवल्या, त्या सिलिंडरमध्ये अशा उतरल्या जसं तेल उतरावं. एका रविवारी तू फुटलेला ओठ घेऊन आलीस. "कपाटाचं दार लागलं," म्हणालीस. मी म्हणालो, "बिजागरी सैल झाली असेल, बघतो." पुढच्या आठवड्यात मी स्क्रूड्रायव्हर घेऊन तुमच्याकडे आलोसुद्धा. बिजागरी घट्ट होती. तरी मी दोन्ही स्क्रू काढून पुन्हा बसवले, आणि तू मला चहा दिलास.

दुसरी गोष्ट तुला माहीत नाही. १९७६चा नाताळ. तो काहीतरी आणायला घरात गेला आणि मला शेडच्या खिडकीतून स्वयंपाकघर दिसत होतं. त्यानं तुझे केस धरून तुझं डोकं नळावर आपटलं. दोनदा. लेथ चालू होता, त्यामुळे आवाज आला नाही. मी लेथ बंद केला. तू सिंकवर वाकली होतीस आणि तुझ्या तोंडातून लाल धार खाली लागली होती. मग मी लेथ पुन्हा चालू केला. दहा मिनिटांनी तो आला, हात धुतलेले, बाह्या दुमडलेल्या. आम्ही इंजिनाचा क्रँक, चाक फिरवणारा वाकडा दांडा, घासायला बसलो. क्रँक मला एकट्याला जमत नव्हता. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

तुला बाहेर काढलं ते ब्रेंडानं. मी नाही. शाळेपासूनची तुझी मैत्रीण, दिवसभर बसची तिकिटं फाडणारी, तिनं सुट्टी काढली, भावाची गाडी मागून आणली आणि डेरेक कामावर असताना तुला दोन बॅगांसकट समुद्रकाठी व्हिटबीला नेऊन सोडलं, त्या बोर्डिंग हाउसात. पत्ता तू दोघांनाच दिलास. तिला आणि मला.

तो शनिवारी दुपारी आला. मी शेडमध्येच होतो. इंजिन पुरं झालं होतं. आदल्याच दिवशी मी त्याला हिरवा रंग दिला होता. "ती कुठंय?" म्हणाला. मी म्हणालो, "ठाऊक नाही." त्यानं मला कानाखाली मारली, मग पोटात. मी पडलो. हाताला कानस लागली ती मी त्याच्या तोंडावर हाणली, गाल उघडला त्याचा. त्यानंतर तो ओरडला नाही, हेच वाईट झालं. त्यानं माझा उजवा हात टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी पकडीत घातला आणि आवळायचा दांडा फिरवला. थोडा फिरवायचा, थांबायचा, विचारायचा. "सांग म्हाताऱ्या, कुठंय?" पहिलं बोट मोडलं तेव्हा आवाज मला ऐकू आला. चौथं मोडलं तेव्हा नाही. मी सांगितलं नाही. मग त्यानं हातोडा घेऊन इंजिनाचे तुकडे केले आणि निघून गेला. हे तू ऐकलं आहेस. कोर्टानं ऐकलं आहे. छोटी इंजिनं बनवणाऱ्या आमच्या मॉडेल क्लबातल्या लोकांनी तर माझ्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सोमवारी सकाळी तो व्हिटबीला पोहोचला. तू न्याहारीच्या बश्या उचलत होतीस. जबडा तीन ठिकाणी मोडला, डावा डोळा कायमचा गेला. दोन पाहुण्यांनी मिळून त्याला खाली पाडलं, तरी त्याच्या हातातला पाना सुटत नव्हता. मी इस्पितळात आलो तो प्लास्टर घातलेला हात घेऊन. तू त्या प्लास्टरवर हात ठेवलास आणि रडलीस, माझ्यासाठी. दुपारी ब्रेंडा आली, हातात फुलं. तुझा जबडा तारेनं बांधलेला होता, म्हणून तू पाटी मागितलीस आणि तिच्यावर एक शब्द लिहिलास: जा. दोघांनाच पत्ता माहीत, त्यातल्या एकाची बोटं मोडलेली. हिशोब सोपा होता. ब्रेंडानं फुलं खुर्चीवर ठेवली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि गेली.

आता ऐक. बोटांपर्यंत जे सांगितलं ते सगळं खरं आहे. चार बोटं मोडेपर्यंत मी बोललो नाही. मग त्यानं व्हाइस सोडला, भिंतीवरचा हातोडा काढला आणि इंजिनावर उगारला. चार वर्षं, जूडिथ. त्यातला एकेक नट मी कातला होता. तो उगारलेला हातोडा मी पाहिला आणि माझ्या तोंडून व्हिटबी निघालं, गल्ली निघाली, घराचा नंबर निघाला. त्यानं विचारलाही नव्हता नंबर. हातोडा त्यानं परत खिळ्याला टांगला, नीट. इंजिनाला हात लावला नाही.

अजून ऐक. तासाभरानं ब्रेंडा आली, मला त्या अवस्थेत पाहून तिनं हात टॉवेलात गुंडाळला आणि इस्पितळात नेलं. वाटेत विचारलं, "मिस्टर ऑग्डन, तुम्ही काही सांगितलंत का? सांगितलं असेल तर मी आत्ता निघते, तिला हलवते." मी म्हणालो, नाही. शनिवारची दुपार होती. रविवार अख्खा मोकळा होता. माझ्या खाटेपासून दहा पावलांवर फोन होता. माझ्याबद्दल नर्सा आपसात बोलत होत्या, काय बाप आहे म्हणून, आणि मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

इंजिन मी फोडलं. तुला पाहून व्हिटबीहून परतलो त्या संध्याकाळी, डाव्या हातानं. सिलिंडर फुटायला फार वेळ लागला. ब्रेंडानं ते शनिवारी टेबलावर धड पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती शेडमध्ये आली, तुकडे बघितले, आणि मी म्हणालो, "मी तिला सांगतो सगळं." ती म्हणाली, "नका सांगू. आई नाही, नवरा असला. तिला बाप तरी राहू दे." मी ऐकलं तिचं. चटकन ऐकलं. तू न्यूझीलंडला गेलीस आणि ही बाई अठरा वर्षं दर गुरुवारी येऊन माझे कपडे धुते, माझी नखं कापते, आणि चहा पिताना विचारते, "जूडिथ कशी आहे?"

आता हे का लिहिलं ते सांगतो. ब्रेंडाच्या पोटात कॅन्सर आहे. ती एअरडेल इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि डॉक्टर नाताळापलीकडचं काही बोलत नाहीत. तिनं माझ्याकडे काही मागितलं नाही, मी लिहितोय हेही तिला माहीत नाही. पण डेरेक गेला, आणि ती गेली की हे जाणणारा मी एकटाच उरेन. मग मी तुला कधीच सांगणार नाही. मी स्वतःला ओळखतो. मी लेथ चालू करणारा माणूस आहे. म्हणून ती जिवंत असताना हे पत्र टपालात टाकतोय. वॉर्डचा फोन नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. दुपारी दोननंतर ती जागी असते. मला फोन करू नकोस. तिला कर.

तुझाच,
डॅड