'पहिली पाळी'ची नवी चाल

९ नोव्हेंबर
खदान बँडचं नवं गाणं आलं. वाडीला गोडाऊनवर होतो, इंदूरचा ट्रक रिकामा होत होता. पोत्यांवर बसून कानात लावलं. आधी वाटलं, भलतंच काहीतरी लागलं. बासरी. मग पेटी. मग प्रफुल गायला लागला. म्हणजे खरंच गायला. गुरगुर नाही, किंचाळणं नाही. लग्नाच्या संगीतात चालून जाईल असा गोड आवाज. ड्रम जवळजवळ नाहीतच.
पुन्हा ऐकलं. जास्तच वाईट वाटलं.
खाली कमेंटमध्ये लोकांनी लाल बदाम टाकलेत. एकाने लिहिलंय, शेवटी एकदाचं समजलं तुम्ही काय गाता ते.

१० नोव्हेंबर
वर्षा म्हणाली, एका गाण्यासाठी एवढं तोंड पाडून बसायचं? बायकोला काय सांगू. ती लग्न होऊन आली तेव्हा हा बँड आधीपासूनच घरात होता.
कन्हानला खाणीच्या क्वार्टरांत वाढलो आम्ही. प्रफुल दोन घरं सोडून. त्याचे बाबा खाणीत, माझेही. बारावीनंतर त्याने तिघं गोळा केले आणि मेटल बँड काढला. नाव खदान. मला वाजवता काही येत नव्हतं. वायरी गुंडाळायचो, स्पीकर उचलायचो आणि गाणं सुरू झालं की पुढे उभा राहून मान हलवायचो. असलं संगीत कन्हानला कोणी ऐकलेलं नव्हतं. लोक म्हणायचे, पोराच्या अंगात आलं.
बाबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. खाणीत छत बसलं, त्यात गेले. मी चौथीत होतो. घरी तो विषय निघत नसे. आईसमोर तर नाहीच. प्रफुलला मात्र एकदा सगळं सांगितलं होतं, नदीच्या पुलावर बसून. आदल्या दिवशी आईबाबांचं भांडण झालं, सकाळी बाबा रागात डबा न घेता कामावर गेले, उपाशी गेले, आणि परत आले नाहीत. त्याने त्याचं गाणं केलं. 'पहिली पाळी'.

पहिल्या पाळीचा भोंगा झाला
डबा चुलीपाशी राहिला
भुकेला माणूस खाली गेला
वर कोणी नाही आला

'भुकेला' हा शब्द प्रफुल असा फाडून काढायचा की ऐकणाऱ्याच्या छातीत कंप सुटायचा. समोर उभी सगळी पोरं तेवढा एकच शब्द त्याच्यासोबत ओरडायची. मीही. काय ओरडतोय ते कोणालाच कळत नव्हतं. मला कळत होतं.

१६ नोव्हेंबर
प्रफुलला भेटलो. तर्रीपोह्याच्या गाड्यावर, सकाळी. केस कापलेत. कानांवर पांढरे.
मी भांडायच्या तयारीने गेलो होतो, तो भांडलाच नाही. घसा ठीक आहे, म्हणे. ड्रमर पुण्याला गेला हे खरं, पण कारण ते नाही. "राग होता तेव्हा ओरडलो. आता राग येतच नाही, बे. रोज स्टेजवर आणू कुठून?"
मग नाव बदल, म्हटलं. दुसऱ्या नावाने गा काय गायचं ते. तर म्हणे, खदान माझीही आहे.
मग हळूच सांगितलं, जुनी गाणी नव्या चालीत बसवून राहिलो. 'पहिली पाळी' पण.
"ते नको करू," मी म्हटलं. "ते गाणं तुयं नाही."
"मंग कोणाचं? इतकी वर्षं गायलं कोणं?"
 पोहे अर्धे टाकून उठलो. पैसे त्यानेच दिले असतील.

२९ नोव्हेंबर
प.चे दोन फोन. उचलले नाहीत.
अमरावती रोडवर जाम. गाडीत बसून जुनी रेकॉर्डिंग लावली. काच खाली होती, बाजूच्या ट्रकवाल्याने बघितलं, कानाला हात लावला. बरं वाटलं.

७ डिसेंबर
जायचं नाही ठरवून गेलो. धरमपेठेतला हॉल. खुर्च्या! खदानच्या कार्यक्रमाला खुर्च्या. लोक घरच्यांना घेऊन आले होते. आम्ही जुने तिघं-चौघं काळे टीशर्ट घालून मागच्या भिंतीला उभे, चुकीच्या लग्नात शिरल्यासारखे.
'पहिली पाळी' मध्यावर आलं. पेटी, आणि प.चा एकट्याचा आवाज. एकेक शब्द स्वच्छ. 'भुकेला' त्याने जवळजवळ कुजबुजत म्हटलं. हॉल चिडीचूप. पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले.
 त्या बाईंना माझ्या घरातला डबा दिसला होता. इतकी वर्षं गाणं मोठ्याने वाजत होतं, पण बाबा त्यात झाकलेले होते. आज त्यांना सगळ्यांसमोर आणून बसवलं.
गाणं संपायच्या आत बाहेर आलो. टाळ्या पार्किंगपर्यंत ऐकू येत होत्या.

२१ डिसेंबर
जे होऊ नये ते झालं.
रविवार. आई आणि वर्षा हॉलमध्ये तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. वर्षाने टीव्हीवर गाणी लावली. खदानची नवी गाणी तिला आवडतात, तिचा काय दोष. मी आत दाढी करत होतो. पेटी ऐकू आली आणि कळलं कोणतं गाणं ते. धावत बाहेर येईपर्यंत दुसरी ओळ होऊन गेली होती.
आईचे हात थांबले होते. गाणं पूर्ण ऐकलं तिने. मग विचारलं, "हे कोण म्हणून राहिलं?"
प्रफुल, म्हटलं. आपल्या क्वार्टरातला.
"आपला डबा त्याले कसा माहीत?"
 तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, साबण तसाच होता. मग शेंगांचं सूप उचललं आणि आत गेली. हे गाणं आईने आधी किती वेळा ऐकलं असेल. माझ्या खोलीतून, दार लावलेलं असताना. डोकं दुखते, बंद कर गा, एवढंच म्हणायची.

२३ डिसेंबर
आई बोलते, पण कामापुरतं. वर्षाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला आधी सांगायला काय झालं होतं. खरंच काय झालं होतं?
प.चा मेसेज: गाणं चाललं, खूप लोकांनी ऐकलं. उत्तर दिलं नाही.

२५ डिसेंबर
सुट्टी. आमच्या हुडकेश्वरला आज चांगलं ऊन होतं. आई गच्चीवर बसली होती, मला हाक मारली. शेजारी बसवलं. समोरच्या प्लॉटवर स्लॅबचं काम सुरू होतं, तिकडेच बघत बोलली.
"तुये बाबा उपाशी नाही गेले."

ती सांगत गेली. मामाच्या लग्नाच्या हळदीला जायचं होतं, बाबांनी सुट्टी टाकली नाही, त्यावरून आदल्या दिवशी भांडण. सकाळी ते तसेच निघाले, डबा राहिला, हे सगळं खरं. पण नाक्यावरून परतले.
"तू नळावर गेल्ता पाणी भराले. उभ्याउभ्याच भाकर खाल्ली, ठेचा लावून. मी बोलली नाही त्यायच्याशी. जाताना म्हणे, संध्याकाळी जाऊ तुया माहेरी. मंग गेले."
मी विचारलं, मला कधी सांगितलं काहून नाही.
"तू इचारलं कधी? मले काय माहीत, ते उपाशी गेले म्हणून तू इतकी वर्षं धरून बसला."
गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि वाळत घातलेले कपडे उलटे करायला लागली.

२६ डिसेंबर
गोडाऊनला गेलो, काम केलं. दिवसभर एकच. उभ्याउभ्याच भाकर खाल्ली. ठेचा लावून.
जेवल्यावर मी ताट सरकवलं की पोटात एक खडा असायचा. लहानपणापासून. सगळ्यांनाच असतो असं वाटायचं.

२८ डिसेंबर
पण क्वार्टरात नळ उशिरा यायचा. भोंग्याच्या बऱ्याच नंतर. असं मला आठवतं. मग त्या वेळी मी नळावर कसा?
की तेव्हा लवकर यायचा, नंतर बदलला? विचारायला आता कोण आहे. शेजारचे सगळे पांगले.
आईने मला बरं वाटावं म्हणून... नाही. आई असं जुळवून बोलणाऱ्यातली नाही. पण माझ्यासाठी?

२ जानेवारी
प.कडे गेलो. स्वतःहून. सगळं सांगितलं, नळाचंही. तो म्हणाला, "मंग तो शब्द चुकला, बे."
त्याने पेटी ओढली आणि हळू म्हणून पाहिलं. जेवून माणूस खाली गेला. मीटरमध्ये बसतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि लगेच रागही आला. किती सहज बसलं ते.
पुढच्या महिन्यात कन्हानला कार्यक्रम आहे, क्वार्टरांजवळच्या मैदानात. "काय गाऊ ते तू सांग. तू म्हणशील ते," म्हणाला. हे मात्र जुन्या प्रफुलसारखं बोलला.
निघताना नव्या गाण्यांबद्दल विचारलं त्याने. नाही आवडत, सांगितलं. ठीक आहे, म्हणाला. वाईट वाटलं त्याला, दिसलं.

११ जानेवारी
आई म्हणाली, आधीचं लाव. मला कळेना. "पहिलेचं. तू ऐकत होता ते."
नको, म्हटलं, तुला सहन होणार नाही. लाव, म्हणाली.
लावलं. गिटार सुरू झाल्याबरोबर वर्षा स्वयंपाकघरातून बाहेर आली. आईने तिला हाताने थांबवलं. पदर मुठीत धरून, मान खाली घालून ऐकत होती. 'भुकेला' आला. मी शब्द सांगितला नाही, तरी तिला कळला. मान वर केली. तो शब्द संपतच नाही, जुन्या गाण्यात. रेकॉर्डिंग कॉलेजातल्या कार्यक्रमाची, तिथे समोरच्या पोरांचाही आवाज आहे, त्यात माझाही.
संपल्यावर खोली एकदम मोठी वाटली.
"एवढं होतं का रे तुया पोटात?" एवढंच विचारलं.
मला रडू आलं. तिच्यासमोर पहिल्यांदा, चौथीनंतर.

२५ जानेवारी
प.चा मेसेज, ठरलं का.
लिहिलं, 'जेवून' म्हण. पाठवलं नाही. पुसलं.
'भुकेला' खोटा असेल तर मी आणि ती सगळी पोरं इतकी वर्षं काय ओरडत होतो? आणि खरा असेल तर आईने जे दिलं ते परत करायचं का?
वर्षा म्हणते, आईंनाच विचार. मी नाही विचारणार.

८ फेब्रुवारी
आज कन्हान. आई चार वाजल्यापासून तयार आहे. मोतिया रंगाची साडी, वर्षाची शाल. बाबा गेल्यावर दोन वर्षांत क्वार्टर सोडून गावात दुसरीकडे राहायला गेलो, त्यानंतर ती क्वार्टरांकडे गेलेली नाही. मैदान तेच का, कडुलिंब आहे का, विचारत होती. मला माहीत नाही, म्हटलं.
नवं गाणं मला आजही आवडत नाही. हे लिहून ठेवतो. आज रात्री सगळे टाळ्या वाजवतील, मीही वाजवीन कदाचित, तरी.
प.चा दुपारी फोन आला. स्टेजवर चढेपर्यंत सांगितलं तरी चालेल, म्हणाला. दोन्ही शब्द बसवून ठेवलेत. आई येतेय हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, तिले पुढे बसव.
वर्षाने गाडी काढली. मी अजून काही ठरवलेलं नाही. निघतो.