प्रेसलाइनचा कर्सर

सोमवार, ६ जानेवारी
चाकणच्या कंपनीत रुजू झाले! निरंजननं शब्द टाकला म्हणूनच मिळाली ही नोकरी. कॉलेजात माझी जर्नल्स उतरवून काढणारा निरंजन इथे सीनिअर आहे. आज कँटीनमध्ये सगळ्यांना माझी ऐटीत ओळख करून देत होता. माझं काम प्रेसलाइनच्या केबिनमध्ये. पत्रा ठोकणारं ते अजस्र प्रेस माझ्याच पडद्यावरून चालू-बंद होतं. कुणी साच्यात हात घालून साफसफाई करत असेल तेव्हा 'बंद', एवढं डोळ्यांत तेल घालून बघायचं. ऑपरेटर सोपानराव जवळच्याच गावचे. मला ताई म्हणाले, घरच्या शेंगा दिल्या.

बुधवार, ८ जानेवारी
काल सिस्टिमचं अपग्रेड झालं. पडदा कसा चकचकीत! जुनं खातं काढून निरंजननं सगळं माझ्या नावावर लावून दिलं. पण तेव्हापासून माउस बिघडलाय. कर्सर थरथरतो, मग हळूच 'चालू'कडे सरकतो. पॅड बदललं, माउस बदलला, वेग कमी केला, जुना ड्रायव्हर टाकला. तेच. निरंजन म्हणाला, नव्या ग्राफिक्सचा दोष आहे, होईल नीट. वर कळवू नकोस, नवीन आहेस, उगाच नाव खराब होईल.

शुक्रवार, १० जानेवारी
माउसची वायर उपसून टेबलावर ठेवली. कर्सर तरीही सरकला. निरंजन दुरून गंमत करत असेल म्हणून वळून पाहिलं, तर तो दारात उभा, दोन्ही हातांत चहाचे कप. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.
सोपानराव काचेतून बघत होते. म्हणाले, "ताई, तुमचा हात तर मांडीवर हाय. मग त्ये कोण हलवतंय?"
मी हसून वेळ मारून नेली.

सोमवार, १३ जानेवारी
सोपानरावांचा हात गेला.
पडद्यावर 'बंद' होतं. मी स्वतः केलं होतं. ते साच्यात वाकले आणि कर्सर झेपावला. मी माउस घट्ट दाबून धरला, तर माझाच हात ओढत नेला त्यानं — बोट दाबलं गेलं — माझं बोट —
स्ट्रेचरवरून एवढंच म्हणाले, "तुमाला सांगून हात घातला व्हता की, ताई."

बुधवार, १५ जानेवारी
चौकशी. प्रेस चालू केल्याची नोंद माझ्या खात्यावर. निरंजननं साहेबांना सांगितलं, माउसची तक्रार हिनं कधी केलीच नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
जिन्यात गाठलं. रडायला लागला. म्हणाला, आधी ते माझ्या खात्यात होतं. दुसऱ्याच्या नावावर केलं की सोडतं. मीच का, विचारलं.
"दुसरं कोण माझ्यावर एवढा विश्वास ठेवणार होतं, ऋता?"

गुरुवार, १६ जानेवारी
घरी बसवलंय मला. कासारवाडी. भर दुपार. माझा स्वतःचा लॅपटॉप — कर्सर सरकतोय.
'नवीन वापरकर्ता'. नावाची चौकट रिकामी. वाट बघतोय.
धाकटी बहीण स्वयंपाकघरातून विचारतेय, ताई, तुझा लॅपटॉप घेऊ का जरा, माझा अडलाय. नाही म्हणायचंय. ओरडून — आवाजच —
उजवा हात कीबोर्डवर गेलाय. डाव्यानं लिहितेय. नको, ती नको —
पडद्यावर तिच्या नावाची पहिली अक्षरं उमटतायत — सुख —